बोन मॅरो टेस्ट: कमरेच्या हाडात नेमकं काय शोधतात?

डॉक्टरांनी घरातल्या कुणाला 'बोन मॅरो करून घ्या' म्हटलं, की लगेच कुणीतरी सांगतं, "मणक्यात सुई घालतात, माणूस अधू होतो." आधी हा गैरसमज काढून टाकू. मणक्यातून पाणी काढणं ही वेगळी तपासणी. बोन मॅरो बहुतेक वेळा कमरेच्या मागच्या हाडातून घेतात. तिथे मज्जारज्जू नसतोच.

मटणाच्या नळीतला मगज माहितीये ना? तसाच आपल्या हाडांतही असतो. रक्ताच्या पेशी तिथेच तयार होतात. ब्लड कॅन्सरचा संशय असेल, तर नुसता बाहेर आलेला माल बघून नेहमी भागत नाही, कारखान्यात डोकवावं लागतं.

जागा बधिर करून सुईने थोडी पातळ मज्जा ओढतात. ओढताना काही सेकंद जोराची कळ येते, हे लपवण्यात अर्थ नाही. मग हाडाचा काडीएवढा तुकडा घेतात. दोन्ही कशाला? पातळ मज्जेत एकेक पेशी स्पष्ट दिसते, तुकड्यात त्यांची दाटी कळते.

पुढे काचेवर मज्जा पसरून, रंग देऊन, मायक्रोस्कोपखाली साधारण 500 पेशी मोजतात. निरोगी मज्जेत ब्लास्ट, म्हणजे कच्च्या पेशी, 5 टक्क्यांच्या आत असतात. 20 टक्के किंवा जास्त झाल्या, तर बहुतेकदा अ‍ॅक्यूट ल्युकेमिया.

पण कुठला? ते फ्लो सायटोमेट्री पेशीवरच्या खुणांवरून सांगते आणि क्रोमोसोमची तपासणी आतल्या बिघाडावरून. म्हणून सगळे रिपोर्ट एकदम येत नाहीत. काहींना दोन-तीन आठवडेही लागतात.

आणि हे 'कुठला' फार महत्त्वाचं. एपीएल नावाच्या प्रकारात 15 आणि 17 नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात. रक्तस्राव होऊन रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो. पण एट्रा आणि आर्सेनिक ही औषधं वेळेत मिळाली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. म्हणूनच नुसता संशय आला, तरी पक्क्या रिपोर्टची वाट न बघता डॉक्टर एट्रा सुरू करतात.

तेव्हा सुईच्या भीतीने 'पुढच्या आठवड्यात बघू' नको. घरच्या ग्रुपवर हा भाग पाठवा. भेटूच!