दुखण्याचा हिशेब

आषाढात गोंदिया जिल्ह्यात रोवणी लागली की बाया दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभ्या असतात. वरून पाऊस, खाली गार पाणी, मध्येच बांधावर बसून शिदोरी, की पुन्हा बांधीत. नेमक्या याच दिवसांत सिकलसेलच्या रुग्णाला सांगितले जाते: भिजू नका, अतिश्रम टाळा, पाणी भरपूर प्या, ताप अंगावर काढू नका. सल्ल्यात खोट काही नाही. थंडी, श्रम, शरीरातले पाणी कमी होणे आणि ताप या चारही गोष्टींनी सिकलसेलचे दुखणे उठते. पण रोवणीची मजुरी हंगामातच मिळते, त्यामुळे हा सल्ला पाळण्याची सोय असलेला माणूस सहसा बांधीत उतरतच नाही.

मुर्री हे गाव गोंदिया शहराला लागूनच आहे, त्यामुळे तिथल्या रुग्णाला निदान दवाखाना तरी जवळ आहे. शहरातले कुंवर तिलकसिंह रुग्णालय आणि बाई गंगाबाई महिला रुग्णालय ही दोन्ही २०१६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेली आहेत. सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतून आणि सीमेपलीकडच्या बालाघाटातूनही लोक इथे येतात. दुखणे फारच वाढले की नागपूरची गाडी. पूर्व विदर्भातल्या सिकलसेलच्या घरांना ही वाट पाठ असते. या आजारावरचे आपल्याकडचे एक मोलाचे संशोधनही याच वाटेच्या शेवटी, नागपूरच्या सरकारी दवाखान्यात झाले.

आजाराचे शास्त्र थोडक्यात. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या साखळीत एकच अमिनो आम्ल बदललेले असते. प्राणवायू कमी पडला की असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल, लवचिक लाल पेशी विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाडांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. आईवडील दोघांकडून दोष आला तर मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. एकाकडूनच आला तर ‘एएस’, म्हणजे वाहक. त्याला सहसा काहीच त्रास नसतो. उलट वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेत दाखवले. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा दोष टिकून राहिला. आपला झाडीपट्टीचा मुलूख त्यातलाच.

शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये या वाकड्या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतात त्या १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये सापडल्या. मध्य भारतातल्या वाहकांविषयी शुक्ला आणि सोलंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. म्हणजे हा आजार आपल्याकडे आहे हे वैद्यकाला साठ-पासष्ट वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. त्यावर इथल्या माणसांना कोणते औषध, किती द्यायचे, हे ठरायला मात्र त्यातली पन्नासेक वर्षे गेली.

या उशिरामागे एक समजूतही होती. भारतात आणि सौदी अरेबियाच्या पूर्व भागात सिकलसेलचा जो जनुकीय प्रकार आढळतो, त्यात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी शिल्लक राहते. ते पेशींना वाकडे होऊ देत नाही. जमैकात आयुष्य या आजारावर घालवलेले ग्रॅहम सर्जंट आणि ओडिशातले डॉक्टर यांनी १९८६ मध्ये दोन्हीकडच्या रुग्णांची तुलना केली, तेव्हा ओडिशातला आजार काही बाबतींत सौम्य दिसला. त्यातून ‘भारतीय सिकलसेल सौम्य’ हे वाक्य पुस्तकांत रुळले. ओडिशापुरते ते चूक नव्हते. चूक झाली ती एका प्रांतावरून देश मोजण्यात. नागपूरच्या वॉर्डात दर महिन्याला भरती होणारी, वर्षात अनेकदा रक्त चढवावे लागणारी मुले या वाक्यात बसत नव्हती. पुढे नागपुरात नवजात बाळांची तपासणी करून, रुग्ण ठरलेल्या मुलांचा जन्मापासून मागोवा घेण्यात आला आणि मध्य भारतातला आजार चांगलाच तीव्र असू शकतो हे कागदावर आले. त्या मुलांच्या आया हे आधीपासूनच सांगत होत्या, पण आईच्या सांगण्याला संदर्भसूचीत जागा नसते.

हायड्रॉक्सियुरिया हे मुळात कर्करोगाचे औषध. ते गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते, म्हणून सिकलसेलमध्ये वापरून पाहिले गेले. अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वेदनेचे वार्षिक प्रमाण औषध न मिळालेल्यांत साडेचार, तर औषध घेणाऱ्यांत अडीच राहिले. हा निकाल १९९५ चा. तिथली पद्धत अशी की औषध थोडे सुरू करायचे, वारंवार रक्त तपासत मात्रा चढवायची आणि पांढऱ्या पेशी घसरू लागतील त्याच्या अलीकडे थांबायचे. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण दर काही आठवड्यांनी रक्त तपासायला येणे म्हणजे एका पालकाची मजुरी, गाडीभाडे, रांग आणि बहुतेकदा एक मुक्काम. शिवाय कर्करोगाचे औषध म्हटले की घरचे घाबरतात आणि गावातला डॉक्टरही हात आखडतो.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारलेला प्रश्न साधा होता: मात्रा चढवत न नेता कमी आणि कायम ठेवली तर? वारंवार दुखणे उठणाऱ्या किंवा वारंवार रक्त लागणाऱ्या ५ ते १८ वयाच्या ६० मुलांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी केली गेली. तीस जणांना रोज किलोमागे १० मिलिग्रॅम हायड्रॉक्सियुरिया, तीस जणांना औषध नसलेली हुबेहूब गोळी. कोणाला काय मिळते ते मुलांनाही माहीत नव्हते आणि तपासणाऱ्यांनाही. दीड वर्ष हे चालले. २०१२ मध्ये ‘हिमोग्लोबिन’ या नियतकालिकात आलेले आकडे असे: औषध घेणाऱ्या मुलांत वेदनेचे झटके वर्षाला सरासरी १२ वरून ०.६ वर आले. दुसऱ्या गटात ते ११ होते, ते १० झाले. औषधाच्या गटात दवाखान्यात भरती होणे वर्षाला दहाच्या आसपास होते, ते एकाहून कमी झाले. रक्त चढवण्याची गरज जवळपास संपली. औषधामुळे गंभीर अपाय दिसला नाही.

आकडे इतके ठळक आहेत की थोडे सावध व्हावेसे वाटते. मुले साठच होती, केंद्र एकच आणि निवडलेली मुले सर्वांत जास्त आजारी. इतका मोठा फरक पुन्हा दुसरीकडे दिसेलच असे नाही. युगांडातल्या एका चाचणीत, जिचा निकाल २०२० मध्ये आला, मात्रा कायम ठेवण्यापेक्षा चढवत नेलेली बरी ठरली, इतकी की चाचणी मुदतीपूर्वी थांबवली. पण तिथली कायम मात्राच नागपूरच्या दुप्पट होती, आणि तिथल्या मुलांच्या रक्तातला सिकलसेलचा प्रकारही वेगळा. आपल्याकडच्या मुलांत गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन मुळातच जास्त, त्यामुळे थोड्या औषधाने पुरेसे काम होत असावे, असे याचे उत्तर दिले जाते. ते पटण्यासारखे आहे. पक्के व्हायला आणखी चाचण्या हव्यात. माझ्या लेखी नागपूरच्या कामाचे महत्त्व वेगळ्याच जागी आहे. हिमोग्लोबिन किती वाढले यावर तिथे थांबले नाहीत. मूल किती वेळा कळवळले, किती वेळा भरती झाले, किती वेळा रक्त चढले, हे मोजले. आईला विचारले असते तर तिनेही हेच तीन आकडे मागितले असते.

तरी प्रत्यक्षात एक गमतीशीर अडचण उरली. गमतीशीर म्हणायचे, कारण ती विज्ञानाची नाही. बाजारात हायड्रॉक्सियुरिया सर्रास मिळते ते ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सुलात. बारा किलोच्या मुलाला किलोमागे १० प्रमाणे १२० मिलिग्रॅम हवे. म्हणजे कॅप्सूलचा चौथा हिस्साही नाही. मग ती उघडा, पाण्यात मिसळा, अंदाजे पाजा, किंवा दिवसाआड द्या. कर्करोगाचे औषध घरात हाताने उघडायचे नसते, हेही त्याच आईला सांगितलेले असते. मुलांसाठी कमी मात्रेचे, पाजता येईल असे औषध तयार करायला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले ते २०२४ मध्ये. नागपूरच्या चाचणीला तोवर बारा वर्षे झाली होती.

आता दुखण्याकडे. सिकलसेलच्या कळा रक्ततपासणीत दिसत नाहीत, एक्स-रेतही बहुधा नाही. त्या आहेत की नाहीत हे रुग्णाच्या तोंडूनच कळते, आणि डॉक्टरांच्या शिक्षणात तोंडी पुराव्याला सर्वांत कमी किंमत असते. वारंवार येऊन इंजेक्शन मागणाऱ्या तरुणाकडे ‘याला सवय लागली’ या नजरेने पाहिले जाते; हे अमेरिकेतही घडते आणि आपल्याकडेही. त्यात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिनभोवती परवान्यांचे इतके कुंपण घातले की अनेक दवाखान्यांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सुटसुटीत केले, पण सवय मोडायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

या बाबतीत मला सर्वांत बोलके वाटते ते अमेरिकेत व्हर्जिनियात झालेले काम. तिथल्या संशोधकांनी २३२ प्रौढ रुग्णांना रोजची डायरी दिली: आज दुखले का, किती, दवाखान्यात गेलात का. २००८ मध्ये निष्कर्ष आले. निम्म्याहून जास्त दिवस, ५४.५ टक्के, रुग्ण दुखण्यातच होते. दवाखान्याची पायरी चढले ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास दिवस. सुमारे तीस टक्के रुग्णांना तर जवळपास रोजच दुखत होते. तोवर वैद्यकाची समजूत अशी होती की सिकलसेल म्हणजे अधूनमधून येणारा क्रायसिस आणि मधले दिवस बरे. मधले दिवस बरे दिसत होते, कारण त्या दिवसांत कोणी विचारायला जात नव्हते.

हे वाचल्यावर नागपूरचे आकडेही वेगळे दिसू लागतात. वर्षाला बारा झटके होते ते बहुधा दवाखान्यापर्यंत पोचलेले. घरच्या खाटेवर, शाळेच्या मागच्या बाकावर, बांधावर बसून काढलेले दुखणे त्यात नाही. औषधाने तेही कमी होत असेल, नोंद नाही.

घरच्या दुखण्याची नोंद सरकारदरबारी करायला लावणारे लोक दवाखान्याबाहेरचे निघाले. नागपूरचे संपत रामटेके हे सिकलसेल असलेल्या मुलाचे वडील. त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी केली, घरोघरच्या पालकांना एकत्र आणले, तपासणीसाठी आणि सवलतींसाठी मंत्रालयापर्यंत पाठपुरावा केला. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात सिकलसेलचा समावेश केला, त्यामागे अशा पालकांची वर्षानुवर्षांची दमछाक आहे. पण कायद्यातले बरेचसे लाभ किमान ४० टक्के दिव्यांगत्वावर बेतलेले. आज धडधाकट दिसणारा, परवा भरती होता तो माणूस मंडळासमोर उभा राहतो तेव्हा त्याचे टक्के कशावरून काढायचे? जुनी भरतीपत्रे असतील तर त्यावरून. ती नसतील, तर त्याचे दुखणे पुन्हा त्या साडेतीन टक्क्यांच्या बाहेरच राहते.

१ जुलै २०२३ रोजी शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. १७ राज्यांतल्या ४० वर्षांखालच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचे उद्दिष्ट. मोहीम गरजेचीच आहे. तपासणीनंतर प्रत्येकाला आपली जनुकीय स्थिती सांगणारे कार्ड मिळते, म्हणजे दोन वाहकांना लग्नाआधी कल्पना यावी. इथे माझी एक शंका आहे. असे कार्ड मुलाच्या खिशात राहते आणि मुलीच्या स्थळाच्या चर्चेत निघते. ‘एएस’ असणे म्हणजे आजारी असणे नव्हे, हे समजावून सांगायला जेवढी माणसे लागतात, तेवढी रक्ताचे नमुने गोळा करायला लागत नाहीत. आणि मोहिमेचा अहवाल बहुधा नमुन्यांवरच लिहिला जातो.

घरच्या नोंदी ठेवणे कठीण असते, असे कोणी म्हणेल तर शेजारचा गडचिरोली जिल्हा पाहावा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बालकांच्या न्युमोनियावर काम केले, तेव्हा मुलाचा श्वास मोजायला गावच्या दाया होत्या. बऱ्याच जणींना मोठे आकडे मोजता येत नसत. त्यांना एक मिनिटाची वाळूची घडी आणि मणी बसवलेले साधन दिले: दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. त्या मोजणीवर औषध सुरू झाले, बालमृत्यू घटले आणि १९९० मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दाईला न येणारे शिकवत बसण्याऐवजी मोजण्याचे साधनच तिच्या हाताजोगे केले गेले.

गोंदियाला आता वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या अभ्यासक्रमानुसार एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याने गावातली काही कुटुंबे दत्तक घेऊन शिक्षणाच्या काळात त्यांच्याकडे जात राहायचे असते. मुर्रीसारखे गाव तर शहराच्या उंबऱ्यावर. त्या कुटुंबांत कोणी ‘एसएस’ असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन खुणा पुरतील: दुखले, काम किंवा शाळा बुडाली, दवाखान्यात गेलो. खुणा घरच्यांनी करायच्या, गोळा आशाताईंनी आणि विद्यार्थ्यांनी. मृगापासून रोवणी संपेपर्यंतचे महिने आधी घ्यावेत, कारण सल्ला आणि मजुरी यांची गाठ तिथेच पडते. कमी मात्रेचे औषध नियमित घेणाऱ्यांच्या खुणा आणि न घेणाऱ्यांच्या खुणा शेजारी ठेवल्या, तर एवढ्याने औषधाचा गुण सिद्ध होणार नाही, पण नागपूरच्या चाचणीत न मोजलेले दिवस पहिल्यांदा डोळ्यांपुढे येतील.