काचेत मुरलेलं अर्बियम

सुरतकरांना लेझरचं अप्रूप नाही. वराछातल्या कारखान्यांत हिरे लेझरने कापतात. कांस्याच्या चकतीचे दिवस मागे पडले. पण लेझरच्याच जातकुळीची एक काच रोज आपल्या फोनच्या कामी येते, ती फारशी कुणाला ठाऊक नाही.

मी उधन्यातून धुळ्याला आजीला व्हिडिओ कॉल लावतो. लांबच्या पल्ल्यावर आमचं बोलणं प्रकाश होऊन केसाएवढ्या काचतंतूतून धावतं. काच कितीही शुद्ध असो, १०० किलोमीटरवर त्या प्रकाशाचा जेमतेम शंभरावा भाग उरतो. पूर्वी वाटेत त्याची वीज करायची, ती वाढवायची आणि पुन्हा प्रकाश करायचा, असा द्राविडी प्राणायाम होता. १९८७ साली साउदॅम्प्टन विद्यापीठात डेव्हिड पेन यांच्या गटाने काचतंतूत अर्बियम या दुर्मिळ मृदा मूलद्रव्याचा किंचित अंश मिसळून सोपी वाट दाखवली. एक छोटा लेझर अर्बियमच्या अणूंना ऊर्जा देऊन ठेवतो. थकलेला प्रकाश तिथून जाऊ लागला, की पिकल्या बोरीची फांदी हलावी तसे ते अणू हुबेहूब तसाच प्रकाश सोडतात. काही मीटर तंतूत शेकडो पट वाढ! बीईला हे मी पाठ केलं होतं, कळलं मात्र आत्ता.

"जेवना का रे?" पलीकडून आजी विचारते.