पटावर नाव, पंगतीत जागा

शाळेचा दरवाजा सर्वांना खुला असणे ही एक गोष्ट, आणि त्या दरवाजातून आत आलेल्या प्रत्येक मुलाला इतरांच्या बरोबरीने बसता-उठता येणे ही दुसरी. आणि आपल्याकडच्या शिक्षणाच्या इतिहासात पहिलीसाठी जितके झगडावे लागले, तितकेच, किंबहुना अधिक चिकाटीने, दुसरीसाठी झगडावे लागले आहे. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या एका महार विद्यार्थ्याचा अर्ज मुंबई सरकारने नामंजूर केला. सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींना खुल्या असाव्यात हे तत्त्व पुढे सरकारदरबारी मान्य झाले खरे, पण दप्तरात मान्य झालेले तत्त्व वर्गाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचायला किती काळ लागतो, हे पाहायचे असेल तर साताऱ्याकडे वळावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भीमराव आंबेडकरांचे नाव दाखल झाले, आणि तो दिवस आता महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्यातले त्यांचे शाळकरी दिवस कसे गेले, हे बाबासाहेबांनी स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. वर्गातल्या क्रमांकाप्रमाणे इतर मुलांमध्ये बसण्याची त्यांना मुभा नव्हती. कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर एकट्याने बसायचे, आणि शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावीत नसल्यामुळे ते संध्याकाळी घरी न्यायचे व दुसऱ्या दिवशी परत आणायचे, असा शिरस्ता होता. तहान लागली तर मास्तरांची परवानगी पुरेशी नसे. नळ शिपायाने उघडायचा, आणि शिपाई जागेवर नसला तर तहानेलेच राहायचे. त्या मुलाचे नाव पटावर होते, हजेरी लागत होती, अभ्यास होत होता. आणि तरीही एक गोणपाट व एक नळ एवढ्यावर त्याला रोजच्या रोज परके ठरवले जात होते.

कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी हे दुखणे नेमके ओळखले होते. १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करताना, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यांनी केली, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वसाधारण शाळांतच इतरांबरोबर बसवावीत असा जो हुकूम त्यांनी काढला, त्याचे मोल मला त्याहून अधिक वाटते. वेगळ्या शाळा सद्‌हेतूने निघाल्या असतील, त्यांत शिकून काही मुले पुढेही गेली असतील. पण वेगळेपणाची सोय करून देणारी व्यवस्था, ती कितीही कनवाळू असो, वेगळेपण कायम करते, हे जाणून एका राज्यकर्त्याने ती मोडीत काढावी याला मोठे मनोधैर्य लागते.

आणि मग त्याच साताऱ्यात, आंबेडकरांच्या शाळाप्रवेशानंतर अवघ्या २४ वर्षांनी, भाऊराव पाटील आले. कुंभोज गावी जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांना कोल्हापुरात शिकत असतानाच या प्रश्नाची झळ लागली होती. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला हजर राहून परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्यापायी त्यांना आपले राहते वसतिगृह सोडावे लागले. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली आणि १९२४ साली ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहाला १९२७ साली गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मराठा, महार, मुसलमान, जैन अशी निरनिराळ्या घरांतली मुले तेथे एका छपराखाली राहत; आणि एवढेच नव्हे, तर एका चुलीवर रांधत व एका पंगतीत जेवत. सर्पण आणणे, भाकऱ्या थापणे, भांडी घासणे ही कामे मुलेच करीत.

चुलीवर मी एवढा भर देतो त्याला कारण आहे. समतेचा धडा फळ्यावर लिहून देता येतो आणि तो मुलांच्या ओठांवरही येतो. परंतु ज्याच्या हातचे पाणी घरी चालत नाही, त्याच्या हातची भाकरी भुकेच्या वेळी आवडीने खाल्ली, आणि उद्या आपण थापलेली त्याने खाल्ली, की मनातली अढी कोणी न सांगता सैल होते. या पंगतीची किंमत घरच्यांनीही मोजली. मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रसुद्धा, विकले. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेल्या त्या माउलीने त्या सर्व मुलांना पोटच्या पोरांसारखे वागवले, हे सांगितल्याशिवाय रयतची कथा पुरी होत नाही.

आजच्या शाळेत गोणपाट उरलेले नाही. १९९५ पासून देशात शालेय पोषण आहाराची योजना आहे आणि मधल्या सुट्टीत खिचडीची पंगत बसते. ज्या व्हरांड्यात ती खरोखर सरमिसळ बसते, तेथे भाऊरावांचे काम रोज पुढे चालले आहे असे मी समजतो. परंतु कोपऱ्यांची रूपे बदलली आहेत. शिष्यवृत्तीची यादी करताना भर वर्गात जातवार हात वर करायला लावणे, हाही कोपराच होय. ते काम शिक्षकाला पालकाशी एकांतात बोलून करता येते. चाकाच्या खुर्चीतल्या मुलीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर ठेवणे, हाही कोपराच. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगत्वाचे मान्य प्रकार ७ वरून २१ केले आणि अशा मुलांना इतरांबरोबर शिकवणे शाळांवर बंधनकारक केले. पण तो वर्ग तळमजल्यावर आणण्यासाठी मुख्याध्यापकाने वेळापत्रक बदलले, तरच त्या मुलीला कायदा भेटतो. ऊसतोडीच्या टोळीबरोबर दिवाळीच्या सुमारास गाव सोडणारी आणि पाडव्याच्या पुढेमागे परतणारी मुले तर वर्षाचा निम्मा भाग पटावर असूनही वर्गात नसतात. त्यांच्यासाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवणे आणि परतलेल्या मुलाला मागे पडलेला म्हणून शेवटच्या बाकावर न ढकलणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच निकडीच्या आहेत. मेळघाटात कोरकू बोलत वाढलेले मूल पहिलीत गप्प बसते ते बुद्धी कमी म्हणून नव्हे. गुरुजींना त्याचे चार शब्द येत असतील तर ते बोलू लागते.

शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांत पहिलीच्या निदान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखल्या. सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना या बंधनातून वगळण्याचा राज्य सरकारचा २०२४ सालचा प्रयत्न मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, हे उचितच झाले. दाखल झालेल्या त्या मुलाला सहलीला, स्नेहसंमेलनाला, वाढदिवसाच्या मेजवानीला जागा मिळते की नाही, हा प्रश्न मात्र कोर्टात सुटणारा नाही.

सरकारी व अनुदानित शाळांपुरता तरी असा प्रश्न गावात सुटू शकतो. शिक्षणहक्क कायद्यान्वयेच या शाळांत व्यवस्थापन समिती असते. तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, वंचित घटकांतील पालकांना तीत प्रमाणशीर स्थान असते आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. अनेक गावांत या समितीची सभा केवळ सह्यांपुरती होते. वाचकहो, आपले मूल अशा शाळेत शिकत असेल तर पुढच्या सभेला अवश्य जा, आणि इमारतीच्या रंगाची चर्चा आटोपली की विचारा: पंगत कशी बसते, पाणी कोण भरते, शेवटच्या बाकावर कोण आहे, आणि ऊसतोडीला गेलेल्या मुलांची नावे अजून पटावर आहेत ना.