सीमेतून आकार: सीएसएसमध्ये ऑलिम्पिकची कडी काढताना

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एचटीएमएल आणि सीएसएसचं काय काम, असं मला नेहमी विचारलं जातं. आज त्याचं उत्तर एक चिन्ह काढून देतो. ऑलिम्पिकची पाच कडी. पिएर द कुबेर्तँ यांनी ती १९१३ साली काढली आणि ऑलिम्पिक स्पर्धांमध्ये तो ध्वज पहिल्यांदा फडकला तो १९२०च्या अँटवर्पच्या स्पर्धेत. वरच्या रांगेत निळं, काळं, तांबडं. खालच्या रांगेत पिवळं आणि हिरवं. सोपं वाटतं ना? बघू.

आधी एवढं लक्षात घ्या की एचटीएमएल सांगतं पानावर काय आहे, आणि सीएसएस सांगतं ते कसं दिसावं. होकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये सीएसएसचा प्रस्ताव मांडला, १९९६च्या डिसेंबरमध्ये त्याची पहिली शिफारस प्रसिद्ध झाली. हेतू काय होता? अक्षरं, रंग, समास, मोकळी जागा. चित्रकला नव्हे. सीएसएसच्या लेखी पानावरची प्रत्येक वस्तू म्हणजे एक चौकट असते. तिच्या मध्यभागी मजकूर, भोवती थोडी मोकळी जागा, मग किनार, आणि बाहेर समास. सुरुवातीला एवढंच त्याचं जग होतं. वर्तुळ नव्हतं, त्रिकोण नव्हता.

मग त्रिकोण येतो कुठून? ही युक्ती मला फार आवडते. एक चौकट घ्या, तिची रुंदी शून्य, उंची शून्य. म्हणजे आत काहीच नाही. तिला चारी बाजूंनी ५० पिक्सेल जाडीची किनार द्या. लाकडी फोटोफ्रेमचे कोपरे सुतार तिरके कापून जोडतो, तशा या किनारी कोपऱ्यात तिरक्या जुळतात. आत जागाच नसल्यामुळे त्या चारही किनारी मध्यबिंदूपर्यंत निमुळत्या होत जातात. चार त्रिकोण मिळतात. आता वरची, डावी आणि उजवी किनार पारदर्शक करा. राहिला एकच त्रिकोण, टोक वर असलेला. ज्या वस्तूला स्वतःचं आकारमानच नाही, तिच्या सीमेतून आकार निघाला! वैशेषिकांच्या नंतरच्या परंपरेनं अभावाला सातवा पदार्थ म्हणून मान्यता दिली, त्यावर वर्गात मुलं हसायची. त्यांना हा त्रिकोण दाखवायला हवा होता.

असो. कड्याकडे येऊ. रुंदी ८० पिक्सेल, उंची ८०, किनार १० पिक्सेल निळी, आत रंग नाही. ही झाली १०० बाय १०० ची चौकोनी चौकट. आता तिला 'बॉर्डर-रेडियस' ५० टक्के द्या, कोपरे इतके गोल होतात की चौकोनाचं कडं होतं. असंच पिवळं कडं करा आणि ते निळ्याच्या ५५ पिक्सेल उजवीकडे, ४५ पिक्सेल खाली ठेवा. दोन्ही एकमेकांना दोन ठिकाणी छेदतात: एकदा निळ्याच्या उजव्या बाजूला, एकदा त्याच्या तळाशी.

आणि इथे गाडी अडते. कडी एकमेकांत गुंफलेली हवीत. एका छेदावर निळं वर, दुसऱ्यावर पिवळं वर. पण कोण वर हे सीएसएस 'झेड-इंडेक्स' नावाच्या आकड्यावरून ठरवतं. निळ्याला १ आणि पिवळ्याला २ दिलं की पिवळं सगळीकडे वर. आकडे उलटे करा, निळं सगळीकडे वर. निळं पिवळ्याच्या वरही आहे आणि खालीही आहे, हे त्या आकड्यांत सांगताच येत नाही.

नैयायिकांना मात्र हे सांगता येत होतं. त्यांचं ठरलेलं उदाहरण आहे: झाडावर माकड बसलंय. झाडाला माकडाचा संयोग आहे का? फांदीपाशी आहे, मुळापाशी नाही. झाड एकच, आणि त्यात संयोगही आहे आणि संयोगाचा अभावही आहे. विरोध होत नाही, कारण दोन्हींचे अवच्छेदक वेगळे आहेत, म्हणजे कुठल्या भागापुरतं बोलतोय ते वेगळं आहे. अशा धर्माला ते अव्याप्यवृत्ती म्हणतात, आपल्या आश्रयाला पूर्ण न व्यापणारा. आपल्या कड्याचं 'वर असणं' नेमकं असंच आहे.

सीएसएसला अवच्छेदक कळत नाही. म्हणून आपण काय करायचं, तर भागच वेगळा काढून द्यायचा. त्याच मापाचं, त्याच जागी आणखी एक निळं कडं ठेवा, झेड-इंडेक्स ३. त्याची फक्त उजवी किनार निळी, बाकी तिन्ही पारदर्शक. गोल केलेल्या कड्यात किनारी अजूनही तिरक्याच जुळतात, त्यामुळे उजवीकडचा पाव कंस तेवढा उरतो. तो पिवळ्यावर बसतो. तळाच्या छेदावर पिवळं वर राहतंच. गुंफण झाली.

[श्रोत्यांमधून प्रश्न: सर, एवढा खटाटोप करण्यापेक्षा तयार चित्र का लावू नये?]

लावा की! संस्थेचं बोधचिन्ह खरंच पानावर टाकायचं असेल तर एसव्हीजी वापरा, ते आकार काढण्यासाठीच बनलंय, कितीही मोठं करा, फाटत नाही. सीएसएसनं काढणं हा व्यायाम आहे. पण व्यायामातही एक गोष्ट सोडू नका. माझा एक विद्यार्थी दृष्टिहीन आहे, संगणक त्याला पान वाचून दाखवतो. आपण आत्ता जे काढलं त्यात त्याच्यासाठी काय आहे? रिकाम्या चौकटी. त्यांत मजकूर नाही, म्हणून वाचायला काही नाही. दिसणं सगळं सीएसएसमध्ये गेलं आणि 'काय आहे' या रकान्यात आपण काही लिहिलंच नाही.

तेव्हा सगळ्या कड्यांना वेढणारी एक बाहेरची चौकट करा. तिच्या 'रोल'मध्ये हे चित्र आहे असं सांगणारा 'आयएमजी' शब्द घाला आणि 'एरिया-लेबल'मध्ये साध्या मराठीत लिहा: ऑलिम्पिकची एकमेकांत गुंफलेली पाच कडी. मग त्याला एकदाच, एक वाक्य ऐकू येतं.

उरलेली तीन कडी तुम्ही काढा. छेद एकूण आठ आहेत; प्रत्येक ठिकाणी कोण वर, ते आधी कागदावर लिहून घ्या.