कोयता घालण्याआधी झाड ओळखा

मृग जवळ आला की आपल्या वस्त्यांमध्ये सरपणाची जमवाजमव सुरू होते. गॅसची टाकी बऱ्याच घरांत आली, पण ती पुन्हा भरून आणायला दरवेळी पैसे जुळत नाहीत. म्हणून भाकरी आणि अंघोळीचे पाणी चुलीवरच होते. शेतात मजुरीला गेलेल्या आयाबाया येताना तुराट्या-पऱ्हाट्या घेऊन येतात. त्या संपल्या की नाल्याकाठचे, बांधावरचे, कुंपणाचे जे हाती लागेल ते तोडले जाते.

यातली बहुतेक झाडे जाळायला ठीक असतात. काही मात्र अंगावर, डोळ्यांवर आणि जिवावर बेततात. तोडणारा तोडून मोकळा होतो. धूर घेत बसते ती चुलीपुढची बाई आणि तिच्या मांडीवरचे लेकरू. म्हणून या अंकात अशा झाडांची ओळख करून देत आहोत.

कण्हेर. लांब, अरुंद, जाड पाने. फांदीवर एकाच ठिकाणी बहुधा तीन-तीन पाने. फुले गुलाबी, पांढरी किंवा लाल. या झाडाचे मूळ, साल, पान, फूल, सगळेच विषारी. विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करते. वाळल्यावरही ते जात नाही आणि धूरही अपायकारक असतो. कण्हेरीची काडी ढवळायला, कणीस किंवा वांगे भाजायला कधीच घेऊ नये.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी. फुले पिवळी, घंटेसारखी; फळ हिरवे, त्रिकोणी. फळातल्या बिया मुले खेळायला घेतात. बी पोटात गेली तर जीव जाऊ शकतो. तोडलेल्या फांद्या फळांसकट अंगणात टाकू नयेत.

रुई आणि शेर. रुईची पाने जाड, पांढुरकी, समोरासमोर. शेराला पाने जवळजवळ नसतात. पेन्सिलीएवढ्या हिरव्या कांड्याच दिसतात. दोन्ही तोडताच पांढरा चीक येतो. शेराचा चीक डोळ्यात गेला की भयंकर आग होते. रुईचा चीक जास्त फसवा आहे. काही वेळा दुखत नाही, फक्त धुरकट दिसू लागते आणि माणूस दुर्लक्ष करतो. दोन्हींमुळे बुबुळाला इजा होते.

बिब्बा. डोंगर-जंगलाकडे सरपणाला जाणाऱ्यांनी हा ओळखायलाच हवा. पाने खूप मोठी, फळ काळे आणि त्याला नारिंगी देठ. रस हवेत काळा पडतो. अंगाला लागला की खाज, सूज, पाण्याने भरलेले फोड येतात. यालाच ‘बिब्बा उतणे’ म्हणतात. त्याचा धूरही अंगावर उततो. असे झाले की कुणी ‘बाहेरचे लागले’ म्हणतात, उतारा टाकतात. हे कुणाचे कोपणे नाही. बिब्ब्याच्या तेलाने कातडीवर केलेला परिणाम आहे. कारण शोधावे आणि मग उपाय करावा, हीच आपल्या धम्माची शिकवण.

बेशरम. नाल्याकाठी रान माजवणारे, जांभळट-गुलाबी फुलांचे, पोकळ दांड्याचे झुडूप. ते शेळ्या-मेंढ्यांना विषारी आहे. सरपणाचा भारा शेळीच्या दावणीजवळ ठेवू नये.

ओळख कायद्यासाठीही लागते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्यात चिंच, आंबा, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन अशी झाडे येतात. ती स्वतःच्या शेतातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शहरात १९७५ चा वेगळा कायदा लागू आहे. खैर हा बाभळीसारखा वाटून फसगत होते. बाभळीचे काटे लांब, सरळ, पांढरे. फुले पिवळी, गोल गोंड्यांची. शेंग मण्यांच्या माळेसारखी. खैराचे काटे आखूड व आकड्यासारखे वाकडे, फुलांचे तुरे लांबट, शेंग चपटी. एवढा फरक माहीत असला तर मजुरी बुडवून कचेऱ्यांचे हेलपाटे घालायची वेळ येत नाही.

मग नियम काय? अनोळखी झाड दिसले तर आधी पाहा: पाने एका ठिकाणी किती, फूल-फळ कसे, काटे कसे. काठीने फांदी थोडी मोडून चीक येतो का ते लांबून बघा. हाताने चुरगाळू नका, चव तर मुळीच घेऊ नका. पांढरा चीक आला किंवा रस काळा पडला, तर ते झाड सोडा. तरीही कळले नाही तर गुराख्याला किंवा गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. परभणीत वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे. तिथल्या जाणकारांनाही पान दाखवता येते. ओळख पटेपर्यंत तोडायचे नाही आणि चुलीत घालायचे नाही.

चुकून काही झालेच तर:

– डोळ्यात चीक गेला: डोळा चोळू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने १५-२० मिनिटे धुवा. दूध, तूप, मध घालू नका. दुखणे थांबले तरी डॉक्टरांना दाखवा.

– बिब्बा लागला: लगेच साबण-पाण्याने धुवा, कपडे बदला. फोड फोडू नका. तोंड सुजले किंवा दम लागला तर दवाखाना गाठा.

– बी किंवा पान पोटात गेले: उलटी काढायला लावू नका. १०८ ला फोन करा. त्या झाडाची पाने-फळासह फांदी पिशवीत घालून सोबत न्या. झाड कळले की डॉक्टरांना उपचार लवकर ठरवता येतो.

जाळायला बाभूळ, वेडी बाभूळ, सुबाभूळ, तुराट्या, पऱ्हाट्या चांगल्या. वेडी बाभळीचा काटा रुतला तर जखम धुऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. लाकूड पूर्ण वाळवूनच जाळा. ओले लाकूड जास्त धुरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. म्हणजे चांगल्या लाकडाचा धूरही निरुपद्रवी नाही. चूल मोकळ्या जागेत ठेवा, लेकरांना धुरापासून लांब बसवा.

पिंपळाचे पान आपल्याकडे लहान मूलही ओळखते, कारण विहारात आपण ते रोज दाखवतो. तशीच आणखी दहा पाने ओळखीची करता येतील. रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने आणि मुलांनी आपापल्या भागातल्या झाडांची वाळलेली पाने पुठ्ठ्यावर चिकटवावीत. खाली नाव लिहावे आणि विषारी झाडाच्या नावापुढे लाल खूण करावी. कण्हेर, शेर, बिब्बा आणायचे तर मोठ्या माणसाने हातमोजे घालून आणावे, किंवा त्यांचे नुसते चित्र लावावे. हा पुठ्ठा विहाराच्या भिंतीवर लावला, की पुढच्या उन्हाळ्यात सरपणाला निघणारी प्रत्येक पोर त्याच्याकडे एकदा बघून निघेल.