मिसलटो : लोकसमजुती आणि उपयोग

मराठीत माणसाला ‘बांडगूळ’ म्हटले की ती निंदा ठरते. युरोपातील मिसलटो ही वनस्पतीही याच रीतीने जगते. पक्ष्याने फांदीला पुसलेले चिकट बी तेथेच रुजते, मूळ लाकडात शिरते आणि यजमान वृक्षाकडून पाणी व क्षार घेते. पाने हिरवी असल्याने अन्न ती स्वतःच तयार करते. म्हणून ती अर्धपरोपजीवी होय. असे असूनही युरोपीय लोकमानसाने तिला पूज्य मानले. याचे कारण, आमच्या मते, तेथील हिवाळ्यात शोधावे. सारे रान निष्पर्ण झालेले असता भूमीचा स्पर्शही नसलेला हा एकच झुबका हिरवा राहतो आणि त्याच दिवसांत त्याला पांढरी फळे धरतात.

पहिल्या शतकातील रोमन लेखक प्लिनी याने गॉल देशातील ड्रुइड पुरोहितांचा विधी वर्णिला आहे. ओक वृक्षावर मिसलटो क्वचितच आढळे; आढळल्यास चंद्राच्या सहाव्या दिवशी शुभ्रवस्त्रधारी पुरोहित सोन्याच्या विळ्याने ती कापी, खाली पांढऱ्या वस्त्रात झेली आणि दोन पांढरे बैल बळी दिले जात. तिचा रस पाजल्यास वांझ पशू फळतो, अशी समजूत होती. हा विधी अन्य कोणाही प्राचीन लेखकाने सांगितलेला नाही. एवढ्याशा पायावर पुढील काळात फार मोठी इमारत उभी राहिली, हे अभ्यासकाने विसरू नये.

फ्रेझरने १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘द गोल्डन बाउ’ या ग्रंथात ओकचा प्राण हिवाळ्यात मिसलटोत वसतो, अशी उपपत्ती मांडली व तिला बाल्डर देवाच्या कथेची जोड दिली. सर्व वस्तूंनी बाल्डरला न दुखविण्याची शपथ घेतली. कोवळी म्हणून मिसलटो तेवढी वगळली गेली, आणि तिच्याच काठीने तो मेला. ही कथा तेराव्या शतकात स्नोरी याने आइसलंडमध्ये लिहिली. त्या बेटावर मिसलटो उगवतच नाही! मग कथेतील लोकी ती उपटून घेतो, हे वर्णन पाहून लिहिलेले असणे कठीण. ओकच्या प्राणाचा तर कथेत उल्लेखही नाही.

नाताळात तिच्याखाली चुंबन घेण्याची इंग्लंडमधील चालही ड्रुइडांपर्यंत नेली जाते. तिचे पुरावे मात्र अठराव्या शतकापासूनचे आहेत. प्रत्येक चुंबनामागे एक फळ तोडावे आणि फळे संपली की हक्कही संपावा, हा संकेत वॉशिंग्टन अर्विंगने १८२० च्या सुमारास नोंदविला आहे.

व्यवहारात तिच्या फळांच्या चिकापासून पक्षी धरण्याचा लेप करीत. औषध म्हणूनही तिची ख्याती जुनी आहे. १९१७ मध्ये रुडॉल्फ स्टायनरने कर्करोगावर तिचा अर्क सुचविला आणि जर्मनी व स्वित्झर्लंड येथे तो आजही टोचला जातो. त्याने आयुष्य वाढते, हे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. वनस्पती स्वतः विषारी असल्याने तिचा पाला वा फळे घरगुती उपचार म्हणून पोटात घेणे धोक्याचे आहे.