पेटीवाचून लेटरबॉक्सिंग

इंग्लंडातील डार्टमूरच्या दलदलीच्या माळावर, क्रॅनमियर पूल नामक दुर्गम स्थळी, जेम्स पेरट या वाटाड्याने १८५४ साली एक बाटली ठेवली आणि तेथवर पायपीट करणाऱ्यांनी आपल्या नावाची पत्रिका तीत टाकावी असा प्रघात पाडला. त्यातूनच पुढे लेटरबॉक्सिंग हा छंद उदयास आला. एकाने रबरी ठसा व वही घातलेली डबी दडवावी, तिचा माग कूट खुणांनी लिहून प्रसिद्ध करावा, आणि शोधकाने डबीतला ठसा आपल्या वहीत व आपला ठसा डबीतल्या वहीत उमटवून ती जागच्या जागी ठेवावी, असा त्याचा रिवाज आहे.

हा छंद विरारजवळच्या आगाशीच्या परिसरात आणावयाचा म्हटले, की पहिली हरकत सरकारी. वसईचा किल्ला व सोपाऱ्याचा स्तूप ही संरक्षित स्मारके असून, अशा वास्तूस इजा करणाऱ्यास १९५८ च्या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद व लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुंगारेश्वर हे अभयारण्य, म्हणजे तेथे वनखात्याचा अंमल. आणि उरल्या वस्तीत, बेवारस वस्तूला हात न लावण्याची ताकीद विरार गाडीत रोज ऐकणाऱ्या माणसांमध्ये दडवलेल्या डबीची अखेर पोलिसी पंचनाम्यात व्हावी, हेच संभवनीय. या ताकिदीला हसण्याचे कारण नाही. ती बॉम्बस्फोटांच्या अनुभवातून आली आहे.

परंतु या खेळात पेटी हेच सर्वांत गौण अंग आहे, असे माझे मत आहे. माग आणि ठसा एवढी दोन असली की पुरे.

मागासाठी अर्नाळ्याइतके सोयीचे स्थळ दुसरे नाही. मराठ्यांनी १७३७ साली घेतलेल्या या बेटावरील किल्ल्याच्या महाद्वारावर शिलालेख आहे, आत अष्टकोनी पुष्करणी आहे, आणि तटाबाहेर एकच गोल बुरूज एकाकी उभा आहे. लेखाच्या अमुक ओळीतील अमुक अक्षर, पुष्करणीच्या कोनांइतके मोजून घेतलेले दुसरे, अशी अक्षरे जुळवून जो शब्द होईल, तो आगाशीतील एखाद्या सुकेळी विकणाऱ्याच्या कानी घालावा, आणि त्याने आपल्या गल्ल्यातील ठसा काढून द्यावा. दुकानदाराची आगाऊ संमती मात्र हवी, आणि पावशेर सुकेळी घेणे हा शिष्टाचार समजावा. लेखावर कागद धरून पेन्सिल घासण्याचा मोह आवरावा. अक्षरे वहीत पाहून उतरावीत.

पेटीच्या शोधाची खरी कथा मात्र सोपाऱ्याचीच. बुरुड राजाचा कोट म्हणून लोक ज्या टेकाडाला ओळखत, ते पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली उकरले, तेव्हा विटांच्या गाभ्यात दगडी पेटी निघाली. तीत बुद्धांच्या आठ कांस्यमूर्तींच्या मधोमध तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडी, त्यात स्फटिकाचा आणि अखेर सुवर्णाचा, असे करंडक एकात एक बसविलेले होते, व सर्वांत आत मातीच्या पात्राचे तुकडे होते, जे बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत असे पंडितांचे अनुमान होते. हा ऐवज आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. याच क्रमाने पाच लिफाफे एकात एक घालून प्रत्येकावर पुढच्याची किल्ली लिहिली, आणि स्तूपापासून निघालेला शोध सोसायटी जेथे आहे त्या टाउन हॉलच्या पायऱ्यांच्या संख्येवर संपविला, तर स्मारकास धक्का न लावता एक उत्तम माग तयार होतो.

ठशासाठी रबर कोरता येते, भेंडी आडवी कापून उमटवलेले फूल तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक. पण या बागायती मुलखात केळीच्या पानाचा देठ आडवा कापून शाईत बुडवावा, म्हणजे चंद्रकोरीच्या आत नाजूक जाळी उमटते, आणि दोन देठांची जाळी सारखी येत नाही. खोडरबरावर अक्षरे कोरताना ती उलटी कोरावी लागतात, हे नवशिक्यांस आधीच सांगितलेले बरे.

ज्यांना प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठी टपाल आहे. उत्तर व आपला पत्ता लिहिलेले जवाबी पोस्टकार्ड धाडावे आणि माग रचणाऱ्याने त्यावर ठसा उमटवून ते परत पाठवावे. कार्डावर टपालखात्याचा तारखेचा शिक्काही पडत असल्याने वहीत दोन मोहरा मिळतात, आणि त्यांतली दुसरी पूर्णपणे कायदेशीर असते.